डाव्या हाताचा ठेका

खुर्सीपारच्या आमच्या विहारात लग्न कोनाचंही असो, लावनार लहानूजीच. लहानूजी म्हनजे माहे मालक. सहा दिवस प्लांटात क्रेन चालवत अन् सुट्टीच्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात. आमची पोरगी आम्रपाली लहानपनापासून म्हने, माहं लग्न बाबाच लावतीन.

तिची सोयरीक जुळली अन् याईच्या, म्हनजे तिच्या बाबाच्या, मेंदूच्या डाव्या बाजूले झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलनं गेलं. समजे सगळं, पन तोंडातून निघे फक्त "हो, हो." पानी पाहिजे तरी हो, नको तरी हो. मले रडू ये, मंग राग ये.

त्याईले वाईट वाटू नये म्हनून आमी घरची वंदनाही मनातल्या मनात म्हनाले लागलो. विहारात नेनं बंद केलं. लग्न लावाले विहारातल्याच विजयकुमारले सांगून ठेवलं.

एका पुनवेले शेजारची शकुबाई आली. तिले काय मालूम! मूर्तीसमोर बसली अन् चालीत, मोठ्यानं त्रिसरन सुरू केलं. तिच्यासंगं हेही म्हनाले लागले, अक्षर न अक्षर साफ. शकुबाई म्हने, मंग इतके दिवस नाटक करून राहिले होते काय? मी अशी भडकली का तिले चहाबी नाई विचारला.

दवाखान्यात बोलनं शिकवनाऱ्या दिपाली म्याडमनं नीट समजावलं. बहुतेकाईच्या मेंदूत बोलायचं काम डावा भाग पाहाते, चाल अन् सूर जास्त करून उजवा. दोघाईच्या मधात पूल असते, त्याच्यावरून निरोप जाते-येते. डावा बिघडला, उजवा शाबूत हाये. म्हनून रोजचे शब्द चालीत म्हनाचे, डाव्या हातानं ठेका धरून, कारन तो हात उजवाच भाग हालवते. मले पटलं. एक गेट बंद असलं तं मानूस दुसऱ्या गेटनं ड्युटीवर जातेच ना.

मंग काय, घरात पानी चालीत, चहा चालीत. भाजीत मीठ कमी पडलं तं तेही गाऊन सांगत, मले तोंड लपवाले जागा नाई. पन "आम्रपाली" काई निघेना. अन् लग्नात प्रतिज्ञा द्याची तं पोरीचं नाव घ्याच लागते.

तरी लग्नाच्या दिवशी पोरीच्या हट्टानं लग्न लावाले याईलेच बसवलं. वंदना झाली, पंचशील झालं. नावापाशी गाडी अडली. "हो... हो..." विजयकुमार माईककडे सरकला.

आम्रपालीनं बापाचा डावा हात उचलला अन् आपल्या तळहातावर ठेवला. याईनं डोये मिटले. बोटं हालाले लागली, एक ठेका, दुसरा ठेका, अन् त्रिसरनाच्या चालीत नाव निघालं, "आम्रपाली."

"जी, बाबा," पोरगी म्हनली.

विजयकुमार मांगं जाऊन बसला. आता प्रतिज्ञा म्हनाची पाळी पोरीची होती, तं रडून रडून तिच्याच तोंडून शब्द निघेना. याईनं तिचा हात सोडला नाई. तिच्या तळहातावर डाव्या हातानं ठेका देत राहिले, पोरगी बोलेपर्यंत.