आबाजींची गाठ

पाव्हण्याची एवढी इज्जत ठेवणारा माणूस बाळापूर तालुक्यात आमच्या आबाजींशिवाय दुसरा नसेल. पाव्हणा म्हणजे साप. हे नाव लिहिलेलं चालतं की नाही, ते मी त्यांना विचारलेलं नाही. आबाजी माझ्या आईचे मामा. वांग्याची वाडी करतात आणि साप चावलेल्याच्या गळ्यात मंत्र म्हणत दोरा बांधतात. त्यांच्या अंगणात कोणी चुकून ते नाव घेतलं, की त्यानं चूळ भरून यायचं. आरोग्य केंद्रात असे दोरे बांधणाऱ्या जाणत्यांचं शिबिर होतं, तिथं मी त्यांना हट्टानं नेलं, तर डॉक्टरांनी 'साप' म्हटलं रे म्हटलं की हे पाण्याची बाटली पुढे सरकवत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाबा, मला तहान नाही."

"तुमाले नसंन, तोंडाले हाये."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अकोल्यात नर्सिंग शिकते. मोठ्यांपुढे माझा आवाज फुटत नाही. पण दोऱ्याची गाठ आबाजी पाचव्या दिवशी सोडत आणि तोवर माणूस अंगणातून हलत नसे, हे मला थांबवायचंच होतं. शेजारचे काका तसेच बसल्या बसल्या गेले. त्यावर आबाजी अजून बोलत नाहीत. सुट्टीभर वांगी तोडताना मी एकच सांगत राहिले, "दोरा बांधा, आबाजी. पण दवाखान्यातली सुई लागते."

"तू मले शिकवून राहिली काय, माय?"

"हो," मी म्हणाले.

ते टोपली उचलून पुढच्या ओळीत गेले. पुढच्या महिन्यात त्याच काकांची सून आमच्या वॉर्डात आली. गळ्यात दोरा होता. एवढ्या लवकर कसे आलात, असं मी विचारलं, तर तिचा नवरा म्हणाला, "आबाजीनं सांगतलं, आता गाठ सुई लागल्यावरच सुटते, अन् तेही तुह्याच हातानं. नाहीतर आमी कायले येतो?"

सुई लागली. सिस्टरांनी दोरा कापायला कात्री उचलली. मी त्यांचा हात धरला. "थांबा सिस्टर, मी सोडते." नखानं सोडवायला बराच वेळ लागला. चार दिवसांनी सून आपल्या पायांनी चालत घरी गेली.

आता असा दोरा दिसला की सिस्टर हाक मारतात, "तुझ्या आबाजींची चिठ्ठी आली गं."

गेल्या आठवड्यात एक जण आला, त्याची गाठ वाटेतच सुटली होती. आबाजींचे हात हल्ली थरथरतात. त्याच्या घरचे घाबरून गेले होते. मी त्यांच्यासमोर दोरा पुन्हा बांधला, सुई लागेपर्यंत थांबले आणि मग सोडला.

आबाजींना हे सांगितलेलं नाही.