कपाची आंघोळ

कपबश्यांच्या कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे टणटणमास्तर म्हणत आणि तोंडावर नुसतं मास्तर. काम एकच. भट्टीतून आलेला कप डाव्या हाताच्या बोटात अडकवायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडीनं हलकेच वाजवायचा. टण्ण वाजला की पुढे. बद्द वाजला की आत कुठेतरी तडा आहे असं समजायचं, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो, आणि कप मागच्या ढिगात टाकायचा. मास्तरांचा कान इतका तिखट, की कुणी वाद घालायला जात नसे. गेलाच तर मास्तर तो कप त्याच्या कानाशी धरून पुन्हा वाजवत आणि वर विचारत, "आता तरी ऐकू येतंय का?"

माणूस वाईट नव्हता हो. उभ्या जन्मात कुणाची सुई उचलली नाही. पण दिवसभर कप वाजवून वाजवून त्यांना माणसंही वाजवून बघायची खोड लागली होती. चर्चच्या मंडळीत कोण उपासनेला उशिरा येतो, कोण प्रार्थनेत डुलक्या काढतो, सगळं मास्तरांना ठाऊक. प्रभू परत येणार आणि सगळ्यांचा न्याय करणार, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. फक्त त्यांच्या मनातल्या चित्रात प्रभूच्याही हातात तसलीच एक दांडी असे. एकेक जण पुढे येतोय, टण्ण, बद्द, बद्द, टण्ण. आपली पाळी आली की काय वाजेल, याबद्दल मास्तरांना कधी शंका आली नाही.

आणि तयारी म्हणाल तर एकदम चोख. उठल्याबरोबर अंथरुणाची घडी, दाढी, पुसलेले बूट, धुतलेला सदरा दारामागे खुंटीला. बायको चेष्टा करायची, "प्रभू काय तुमचे बूट बघायला येणार आहे?" त्यावर मास्तर तिच्या चहाकडे बोट दाखवत. कारण तिचीही एक तऱ्हा होती. चहा ओतण्याआधी ती प्रत्येक कपात थोडं कोमट पाणी घाली, कप दोन्ही हातांत धरून हळूच फिरवी, पाणी ओतून देई आणि मगच चहा. "झाली का कपाची आंघोळ? आता पावडर लावा त्याला," असं मास्तर रोज म्हणत आणि ती रोज हसे. ते कप धुवायला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. दोन खोल्यांच्या घरात आता आवाज म्हणजे नळाचा, नाहीतर भिंतीपलीकडच्या रेडिओचा. मास्तर स्टीलच्या पेल्यात चहा घेत. तिचे कप ओट्यावरच्या आकड्यांना तसेच लटकत होते, त्यांना हात लावायचा धीर होत नव्हता. कधी स्वयंपाक करताना ते मोठ्यानं विचारत, "यात मीठ घातलंस का?" मग स्वतःच उठून घालत. घर खायला उठतं म्हणतात ते काही खोटं नाही.

मुलगा होता. नदीपलीकडे राहायचा, पण बापलेकांचं बोलणं बंद होतं. तो त्याच कारखान्यात भट्टीवर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एके दिवशी त्याची बायको दवाखान्यात बाळंतपणाला अडलेली आणि इकडे काम संपेना, म्हणून भट्टी पुरती निवायच्या आतच त्यानं दार उघडलं. गार वारा आत शिरला आणि सगळा माल तडकला. वरून कप छान दिसत होते. तपासायला बसले मास्तर. बद्द, बद्द, बद्द. दार कुणी उघडलं ते कुणी सांगत नव्हतं, सगळे त्या पोराला सांभाळून घेत होते. मास्तरांनी मात्र साहेबांच्या खोलीत जाऊन स्वतः मुलाचं नाव सांगितलं. वर म्हणाले, "घरच्या कारणानं भट्टी लवकर निवत नाही." मुलाची नोकरी गेली. घर सोडताना तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही ती दांडी घरीसुद्धा खाली ठेवत नाही."

आईच्या दफनाला तो आला. मागे उभा राहिला, मूठभर माती टाकली आणि गेला. बापानं मान वर केली नाही.

मग एका रविवारी पाळकांनी प्रभूच्या येण्यावर उपदेश केला. तो कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तयार असा, वगैरे. मास्तर समाधानानं मान हलवत होते. उपासना सुटल्यावर पाळकांनी त्यांना पायऱ्यांवर गाठलं.

"मास्तर, मुलाचा निरोप आहे. पुढच्या रविवारी तुम्हाला भेटायला येऊ का, विचारतोय."

"आधी चूक कबूल कर म्हणावं."

"अहो, त्यानं ती नाकारली कधी? आणि उद्या प्रभूनं तुम्हालाच असं दाराबाहेर उभं केलं तर?"

"करू दे. माझी सगळी तयारी आहे."

पाळक दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळले.

जिंकल्यासारखे मास्तर घरी आले खरे, पण घरात ते सांगायचं कुणाला? गारठा मी म्हणत होता. खुर्चीत बसून बसून त्यांना एकदम इतकं एकटं वाटलं, की ते उठले आणि आकड्यावरचा तिचा निळ्या काठाचा कप त्यांनी खाली काढला. आज यातून प्यायचं. चहाला खळखळून उकळी आणली आणि तो गार कपात तसाच ओतला.

कप उभा फुटला. चहा टेबलावरून त्यांच्या गुडघ्यावर आला.

आधी ते संतापले. काय हा बाजारचा माल! हे कप तिनं आणले तेव्हा बाजारातून घेतले असंच तिनं सांगितलं होतं. त्या घरात मास्तरांनी न वाजवलेली वस्तू तेवढीच. आता त्यांनी दुसरा कप काढला आणि चमच्याच्या दांड्यानं वाजवला. बद्द. तिसरा. बद्द. आकड्यांवरचे सगळे काढून झाले, एकही टण्ण वाजला नाही. आणि इतकी वर्षं रोज त्यांतूनच चहा पीत होतो, एक थेंब गळला नाही!

मग त्यांना कपाची आंघोळ आठवली. तडकलेला गार कप एकदम उकळतं सोसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला प्रत्येक कपाचा तडा माहीत होता. म्हणून ती आधी ऊब देत होती.

मास्तरांनी बोट वाकवून स्वतःच्या छातीवर वाजवून पाहिलं. वेडेपणाच तो, पण केला. काय ऐकू आलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिथेच, ओल्या धोतरानं बसून ते रडले. जन्मात पहिल्यांदा त्यांना प्रभूच्या येण्याची भीती वाटली. तो दांडी घेऊन आला तर आपली जागा ढिगात. आपल्याला वाचवायचं असेल तर त्याला हिच्यासारखंच यावं लागेल, कोमट पाणी घेऊन.

मुलाचा फोन नंबर तिनं कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवला होता.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले.

"बोला."

"रविवारी ये."

"कबूल करायला?"

"चहाला."

मुलानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला गेला.

रविवारी उपासनेहून आल्या आल्या मास्तरांनी दोन कप खाली काढले आणि चुलीवर पाणी ठेवलं. कोमट झालं. मुलगा आला नाही. पाणी गार झालं, पुन्हा तापवलं. ऊन भिंतीवरून सरकत दारापर्यंत गेलं. बाहेर पावलं वाजली की ते उठत आणि पावलं पुढे गेली की बसत. प्रभू, लवकर ये, ही त्यांची रोजची प्रार्थना. आज ती तोंडात आली आणि अडकली. "प्रभू, आजचा दिवस थांब," ते म्हणाले. "माझी तयारी झालेली नाही."

ऊन गेल्यावर दार वाजलं. मुलगा उभा होता. कानशिलांवर केस पांढरे झालेले. "इतका उशीर?" हे मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "बस."

मुलगा बसला आणि बापाकडे बघत राहिला. मास्तर कपात कोमट पाणी घालून दोन्ही हातांनी फिरवत होते.

"सांभाळून धर हं," ते म्हणाले. "सगळे तडकलेले आहेत. तुझ्या आईनं कुठून आणले कोण जाणे."

"ढिगातून. मीच आणून दिले होते," मुलगा म्हणाला. "माझ्या त्या भट्टीतले आहेत."

मास्तरांच्या हातातला कप फिरायचा थांबला. "तिला माहीत होतं?"

"तिनंच मागितले. म्हणाली, तुझे बाबा रोज यातूनच चहा पितील."

मास्तरांनी पाणी ओतून दिलं, चहा भरला आणि कप मुलापुढे ठेवला. मग स्वतःचा कप घेऊन त्यात कोमट पाणी घातलं.