रामकुंवरबाईंची संमती

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता आणि मी तो तिसऱ्यांदा पाहत होते. रामकुंवरबाई, वय बासष्ट, इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. समोर आमचा कोऑर्डिनेटर दीपक संमतीपत्र वाचून दाखवत होता. स्वच्छ, सावकाश हिंदीत. दर परिच्छेदानंतर तो विचारी, "समझ में आया, अम्माजी?" बाई म्हणत, "हओ." शेवटी सही झाली. चेकलिस्टमधल्या सगळ्या चौकटींवर टिक करता येत होती.

सही झाल्यावर दीपक कागद आवरायला लागला. कॅमेरा चालूच होता. बाई उठता उठता हळू आवाजात म्हणाल्या, "तो वा सक्कर की गोली अब नी खाणी?"

दीपक फाईलमध्ये डोकं घालून होता. तो म्हणाला, "हओ अम्माजी, सब हो जाएगा."

पहिल्या दोन वेळी हे वाक्य माझ्याही कानावरून गेलं होतं. साताऱ्याहून इंदूरला येऊन मला एकोणीस वर्षं झाली, तरी माळवी पटकन कळत नाही. तिसऱ्यांदा कळलं. बाई विचारत होत्या, साखरेची, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी आता बंद ना? आणि आमच्या माणसाने त्यांना हो म्हणून सांगितलं होतं.

मी आधी आमचं काम सांगते. आम्ही औषधं बनवत नाही. एखाद्या औषध कंपनीला नवीन औषध माणसांवर तपासायचं असतं. तिला आम्ही स्पॉन्सर म्हणतो. ती चाचणी रुग्णालयात नियमाप्रमाणे चालते की नाही, कागद, नोंदी, संमती नीट आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी आमच्यासारखी कंपनी असते. मी क्वालिटीला आहे. म्हणजे आमच्याच लोकांच्या चुका शोधणं हा माझा पगारी उद्योग.

कंपनी डॉ. दिघे यांनी काढली. सर मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवत. निवृत्तीआधीच त्यांनी अन्नपूर्णा भागातल्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत हे सुरू केलं. फायली सरांच्या पत्नी, आमच्या काकू, लावत. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची मुलगी मृणाल बारावीत होती आणि जेवणाच्या टेबलावर आमच्या फॉर्मांचे गठ्ठे सरकवून अभ्यास करायची. मग मधली काही वर्षं वाईट गेली. नियम कडक झाले, भरपाईचे, एथिक्स कमिटीच्या नोंदणीचे. ही कमिटी म्हणजे चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांच्या बाजूने विचार करणारी मंडळी. तिच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. नवीन कामं येईनात. आमच्याबरोबर सुरू झालेल्या दोन कंपन्या बंद पडल्या. आम्ही तग धरला, कारण घर सरांचं होतं आणि भाडं नव्हतं. पुढे नियम पुन्हा बदलले, मंजुरीला मुदती ठरल्या आणि कामं परतली. तोवर मृणाल शिकून आली होती. आता कंपनी तीच चालवते.

त्याच बदलांत व्हिडिओ आला. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत संमती घेताना काही रुग्णांचं रेकॉर्डिंग करावं लागतं. सर तेव्हा वैतागले होते. "कॅमेऱ्यासमोर माणूस बोलत नाही, शुभदाजी. फक्त मान हलवतो."

रामकुंवरबाई होत्या ती चाचणी मधुमेहाने पायांची आग होते त्यावरच्या औषधाची होती. त्यात नेहमीची साखरेची गोळी चालूच ठेवायची असते. तसं संमतीपत्रात लिहिलेलं होतं. दीपकने ते वाचलंही होतं, सहाव्या मिनिटाला.

मी दीपकला बोलावलं आणि शेवटचे वीस सेकंद दाखवले. तो आगर-माळव्याकडचा, माळवी त्याची घरची बोली. त्याने एकदा ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मैडम, मैंने सुना ही नहीं."

"फोन लावा."

फोन सुनेने उचलला. आठ दिवसांपासून सासूबाईंनी साखरेची गोळी बंद केली आहे, असं तिने सहज सांगितलं. दवाखान्यातूनच तसं सांगितलंय ना, असंही तिने विचारलं.

दीपक स्वतः गाडी घेऊन गेला आणि तासाभरात बाईंना शहराबाहेर राऊला, चाचणीच्या रुग्णालयात घेऊन आला. साखर चांगलीच वाढली होती. बाईंना चक्कर येत होती, दोन दिवस तोंड कोरडं पडत होतं, पण नव्या औषधाने असं होत असेल म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं, उपचार केले, साखर खाली आली आणि त्या घरी गेल्या. आणखी आठ दिवस गेले असते तर काय, हे डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये शांतपणे सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

तो सोमवार होता. गुरुवारी एक मोठा स्पॉन्सर आमच्याकडे येणार होता. सहा शहरांतली चाचणी आम्हाला द्यायची की नाही, हे ठरवायला. त्या भरवशावर मृणालने राऊमध्ये नव्या ऑफिससाठी एक अख्खा मजला घेतला होता. केबिनच्या काचा बसायच्या बाकी होत्या.

मंगळवारी सकाळी मी तिच्यासमोर बसले.

"ताई, बाई ठीक आहेत न?"

"ठीक आहेत. पण हे एथिक्स कमिटीला आणि चालू चाचणीच्या स्पॉन्सरला कळवावं लागेल. आणि मला बाकीचे तीस व्हिडिओ पुन्हा पाहायचे आहेत."

"कळवू न. मी नाही कधी म्हटलं? शुक्रवारी कळवू. नियमात बसतं."

"बसतं."

"मग?"

"गुरुवारी ते विचारतील, चालू कामात काही अडचण आहे का. तू काय सांगणार?"

ती म्हणाली, "ताई, मतलब तुम्ही माझ्या जागी बसून बघा. चाळीस लोक आहेत. बाबांच्या काळात दोन खोल्या होत्या. एक महिना काम नाही आलं तर काकडी-पोहे खाऊन चालायचं. आता नाही चालत."

तिचं खोटं नव्हतं. त्या चाळीसांत मीही होते. माझ्या मुलाची फी त्याच पगारातून जात होती. मी उठून बाहेर आले आणि खरं सांगायचं तर शुक्रवार चालेल असं स्वतःला समजावायला लागले होते.

सर हल्ली आठवड्यातून दोनदाच येतात. त्या दिवशी आले. दीपकने त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं होतं. तो राजीनामा घेऊनच आला होता. सरांनी तो वाचला, घडी घातली आणि त्यालाच परत दिला.

"भिया, तू गेलास तर माळवी कोणाला येते इथे?"

मग ते माझ्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "सगळे लावा." त्या दिवशी आणि बुधवारी सकाळी आम्ही तिघांनी व्हिडिओ पाहिले. सर प्रत्येक वेळी शेवटच्या मिनिटाशी थांबवायचे. रामकुंवरबाईंसारखं उघड कुणीच बोललं नव्हतं. पण पाच जण असे होते की ते कशाला हो म्हणत आहेत हे त्यांना ठाऊक नाही, हे दिसत होतं. एका काकांनी तर प्रश्न संपायच्या आधीच तीनदा हो म्हटलं होतं. ह्या पाचही जणांचे व्हिडिओ मीच पास केले होते. खाली सही माझी होती. हे सरांनी पाहिलं आणि पुढचा व्हिडिओ लावला.

बुधवारी दुपारी सर मृणालच्या केबिनमध्ये गेले. मला दारात कुणी थांबवलं नाही, म्हणून मीही आत जाऊन बसले.

"नियम वाचलास का नीट?" सरांनी विचारलं. "त्यात सही रेकॉर्ड करा असं नाही लिहिलेलं. रुग्णाला काय समजलं ते रेकॉर्ड करा, असं लिहिलंय. मी पण इतके दिवस चुकीचंच वाचत होतो."

"बाबा, उद्या ते येतायत."

"हो. ते येऊ देत. पण कंपनी तुझी आहे, ठरव तू. मी फक्त सांगितलं."

मृणालने खिडकीबाहेर पाहिलं. मग मला म्हणाली, "ताई, रिपोर्ट आज पाठवा. सहा जणांचा. बाई आणि बाकीचे पाच."

गुरुवारी स्पॉन्सरचे दोघं आले. मृणालने पहिल्या दहा मिनिटांतच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, जेवले, राऊचा मजला पाहिला आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात आम्ही सहाही जणांची संमती नव्याने घेतली. ह्या वेळी मृणाल स्वतः येऊन बसली. वाचून झाल्यावर दीपकने "समझ में आया?" विचारलं नाही. तो माळवीत म्हणाला, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगा. चार जणांनी नीट सांगितलं आणि ते चाचणीत राहिले. प्रश्नाआधीच हो म्हणणाऱ्या काकांनी नकार दिला.

रामकुंवरबाईंना अर्धा तास लागला. दीपकने त्यांची माफी मागितली. दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, एकीत औषधच नाही, आणि आपल्याला कुठली मिळतेय हे कुणालाच माहीत नसतं, हे त्यांना आता पहिल्यांदा कळलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "अब समज में आयो. अब म्हने नी करनो."

मृणाल म्हणाली, "ठीक है, अम्मा." बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सगळ्यांत पक्की संमती ह्यांचीच होती. नाही म्हणण्याची." ती हसली नाही, मीही नाही.

सहा शहरांचं काम आम्हाला मिळालं नाही. स्पॉन्सरच्या माणसाने फोनवर सभ्यपणे सांगितलं, तुमचा रिपोर्ट उत्तम होता, पण आम्ही अशी कंपनी निवडली जिच्या रेकॉर्डमध्ये गेल्या वर्षभरात एकही चूक नाही. राऊचा मजला सात महिने रिकामा राहिला. हाताला काम नसलेल्या आमच्या चौघांना आम्ही काढू शकलो नाही आणि नव्याने कुणाला घेऊही शकलो नाही. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही. मृणालने त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही, पण दोन-तीन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

त्यानंतर एथिक्स कमिटीच्याच एका डॉक्टरांनी त्यांच्या रुग्णालयातली एक छोटी चाचणी आमच्याकडे दिली. मग दुसरी आली. आता राऊच्या मजल्यावर बसायला जागा नाही आणि दीपक नव्या लोकांना ट्रेनिंग देतो. आम्ही मोठे झालो, पण मृणालने ठरवलं होतं त्यापेक्षा चार वर्षं उशिरा.

ह्या धंद्यात मी एवढं शिकले. ज्या कंपनीच्या रेकॉर्डमध्ये एकही चूक नसते, तिथे एक तर चूक झालेली नसते किंवा कुणी शेवटच्या मिनिटापर्यंत पाहिलेलं नसतं. पहिल्या प्रकारची कंपनी मला अजून भेटायची आहे.