साडीचा संडास, काचेचा ग्लास

"आजी, पंचाहत्तर पूर्ण? मग तिकीट फुकट."

मी सदुसष्ट वर्षांची आहे. कंडक्टरला म्हटलं, "पूर्ण झाली की कळवीन," आणि ठणकावून अर्धं तिकीट घेतलं. बायकांना एसटी अर्ध्या दरात आहे, तेव्हा ठाण्याहून बोईसर स्वस्तात पडतं. चिल्हार फाट्याला महामार्ग सुटला की पुढचा रस्ता ट्रकवाल्यांचा. आपण त्यांच्या मागे धूळ खात जायचं. खिडकीशी बसू नका. मी बसले, आणि बोईसरला उतरले तेव्हा माझे केस खरोखरच पंचाहत्तरीचे दिसत होते.

हे सगळं भाचीमुळे. रेवती आर्किटेक्ट आहे. "आत्या, दोन दिवस चल. मुरब्याला समुद्र आहे, ताजे बोंबील आहेत," एवढंच ती घरी बोलली होती. संडासाचा विषय तिने फाटा ओलांडल्यावर काढला, म्हणजे मला उतरून परत जाता येणार नाही अशा ठिकाणी.

स्टेशनजवळ लॉज मिळतो. आमच्या खोलीत गिझरचं बटण होतं, गिझर नव्हता. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, बटण चालू आहे." मी वाद घातला, थंड पाण्याने आंघोळ केली आणि शेअर रिक्षाने सरावलीला निघाले.

सरावलीची ती वस्ती कारखान्यांत राबणाऱ्यांची. पत्र्याच्या खोल्या, उघडं गटार, आणि रात्रपाळीहून सुटलेली माणसं झोपलेली असतात म्हणून दिवसाही दबक्या आवाजात बोलायची सवय. तिथे पक्क्या गल्ल्या आणि नवे संडास व्हायचेत, आणि ते काम रेवतीकडे आहे. त्यासाठी दोन गट एकत्र आलेत: बचत गटाच्या बायका, आणि एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांचा आधार गट. मी रेवतीला विचारलं, दोघांचा संबंध काय?

"आत्या, औषध रोज घ्यायचं असतं. पाणी घाण आणि संडास लांब असला की औषध घेणारा माणूस सगळ्यात आधी आडवा होतो. म्हणून संडासाला लागूनच एक खोली बांधायची. तिथे औषधं मिळतील, बसून बोलता येईल."

मला पटलं. मला सहसा काही इतक्या लवकर पटत नाही.

मोकळ्या जागेत तो संडास उभा होता. बांबू रोवून, त्यांना जुन्या साड्या बांधून, खऱ्या मापाचा. बायकांचा भाग नायलॉनच्या फुलाफुलांचा. पुरुषांच्या बाजूची एक भिंत बकरीने खायला घेतली होती. बचत गटाच्या निर्मलाताई तिला हाकलत म्हणाल्या, "नकाशा आमाला वाचता येतो, पन नकाशात शिरता येत नाय. म्हनून आदी कापडाचा बांधायचा, आत फिरायचं, मग सिमेंट."

मी आयुष्यात पाहिलेल्या बऱ्याच सरकारी इमारती अशा साड्यांच्या बांधून बघायला हव्या होत्या.

भांडण होतं ते औषधांच्या खोलीच्या दारावरून. कामावरच्या तरुण इंजिनिअरने नकाशात ते रस्त्याकडे काढलं होतं, वर मोठा बोर्ड. "लोकांना खोली सापडायला नको का?" असं त्याचं म्हणणं.

इथे कमळाबाई येते. नाव मी बदललं आहे, आणि तिला विचारूनच हे लिहिते आहे. ती खाण्याचं काहीतरी विकते. काय ते सांगणार नाही. तुम्ही वाचक लोक आगाऊ आहात. तिच्या औषधाबद्दल तिचा आधार गट, निर्मलाताई आणि रेवती सोडून कुणाला माहीत नाही. फुलाफुलांच्या भिंतीआड ती मला हळूच म्हणाली, "त्या दारातून येकदा आत गेले, तर दुसऱ्या दिवशी माज्याकडनं कोन घेल? मी औषद सोडीन, पन तितून जानार नाय."

हे ती इंजिनिअरसमोर बोलू शकत नव्हती. म्हणून निर्मलाताईंनी जाहीर केलं, "आता चालवून बघू." बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमी पेशंट."

"मी?"

"तुमाला हितं कोन वळखत नाय. आमच्यातली गेली तर खोटं खोटं जाऊनसुदा उद्या नाव लागंल."

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला प्रत्येक नाटकात झाड केलं होतं. मुख्य भूमिका मिळाली ती ही. मी पर्स सावरली आणि रांगेसमोरून त्या दाराकडे चालू लागले. तालीम आहे हे रांगेला माहीत होतं. कडेला जमलेल्यांना नव्हतं. मागून स्पष्ट ऐकू आलं:

"कोन हाय गं?"

"ठान्याची. बिचारी. चांगल्या घरची दिसते."

या वयात कुणी बिचारी म्हटलं की माझा रक्तदाब वाढतो. "चांगल्या घरची"ने तो आणखी वाढला. घर वाईट असतं तर काय, चाललं असतं?

गल्लीच्या तोंडाशी शेवंताबाईंची चहाची टपरी आहे. आम्ही सगळे तिथे गेलो. निर्मलाताईंना काचेचा ग्लास. इंजिनिअरला काचेचा, रेवतीला काचेचा. मला कागदी कप.

रेवतीने तोंड उघडलं. "अहो, आत्याला काही..."

मी तिच्या पायावर पाय दिला. बाकावर कमळाबाई बसली होती, आणि ती माझ्याकडे नाही, रेवतीच्या तोंडाकडे बघत होती.

"ग्लास संपले का?" मी विचारलं.

"नाय, हायत की."

"मग मला का नाही?"

"कागदाचा सोच्छ असतो, म्हनून."

"बाई, हा आजार कपाने होत नाही, ग्लासाने होत नाही. तुमच्या चहात साखर आहे तिने मात्र मधुमेह नक्की होईल. ग्लास द्या."

शेवंताबाईंनी दिला. मी सावकाश प्यायले. एक कामगार बाकावर थोडा सरकला. रिकामा ग्लास शेवंताबाईंनी दोन बोटांत धरला, आणि तो ठेवायचा कुठे हे त्यांना सुचेना.

"आन हिकडं," कमळाबाई म्हणाली. "धुवू नको, पानी कशाला घालवते? त्यातच माजा वत."

"कमळे, धाडस हाय गं तुजं!" कुणीतरी ओरडलं.

"च्याच पिते, दर्यात उडी नाय मारली."

आणि ती सगळ्यांसमोर तो चहा प्यायली. टपरीला ती धाडसी वाटली. होतीच. फक्त टपरीला वाटलं त्या कारणाने नाही.

इंजिनिअरचं स्टूल माझ्यापासून हातभर लांब गेलं होतं. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने ते परत ओढून घेतलं आणि म्हणाला, "दार आतून घेऊ."

दुसऱ्या सकाळी निर्मलाताईंनी साड्या सोडून पुन्हा बांधल्या. आता दार आत, होणाऱ्या नळाच्या मागे, जिथे सगळी वस्तीच हंडा घेऊन जाणार. बोर्ड नाही. मी हंडा घेऊन आत शिरले, खोलीत गेले, बाहेर आले. कुणी मान वर करून बघितलं नाही. माझ्याकडे इतकं दुर्लक्ष कधी झालं नव्हतं, आणि मला ते कधी इतकं आवडलं नव्हतं. माझ्या मागून कमळाबाई गेली. नळ कापडीच, त्यामुळे हंडा रिकामाच घेऊन ती बाहेर आली. पण कमरेवर असा घेतला होता, जसा काही काठोकाठ भरलाय. इंजिनिअरने तिथेच उभ्या उभ्या नकाशा बदलला.

दुपारी मुरब्याला गेलो. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि ताटात ताजे, कुरकुरीत. जेवण उत्तम, सोलकढी मागून घ्या. समुद्राबद्दल मला विशेष काही म्हणायचं नाही, तो जागेवर होता. रिक्षावाला सरावलीचाच निघाला. "मैडम, मछली खाओ, ताकत आएगी. दवाई टाइम पे लेना," म्हणाला आणि थांबल्याचे पैसे घेईना. मी बळेच दिले. मला फुकट आवडत नाही, कंडक्टरला विचारा.

आता घरी आहे. केसांतली धूळ गेली, बाकी सरावली अजून गेलेली नाही. परवा निर्मलाताईंचा फोन आला: पाया खणायला घेतलाय, आणि शेवंताबाई विचारतात, त्या मॅडमची तब्येत कशी हाय, गोळ्या घेतात ना?

"घेते म्हणावं. रोज." खोटं नाही ते. रक्तदाबाची घेते.

तुम्ही गेलात तर एसटीत खिडकी टाळा, लॉजमध्ये गिझर डोळ्यांनी बघूनच पैसे द्या. वस्तीत बघायला म्हणून जाऊ नका; ती काही बाग नाही. पण कुणी काही कामाला बोलावलं, तर शेवंताबाईंकडे चहा घ्या. चहा चांगला आहे, साखर कमी सांगा. आणि कधी कागदी कप पुढे आलाच, तर ग्लास मागा.

खुलासा करू नका.