चहाच्या कपातली कवडी

श्री. दिनकरराव सबनीस, म्हणजे आपल्या सगळ्यांचे सबनीस मास्तर, यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची माझी पहिली ओळख झाली ती मी भांडायला गेले तेव्हा. लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. रविवारी दुपारी वाचनालयात वह्या तपासत बसले होते, तर मागच्या खोलीतून एकदम आरडाओरडा, "पूल मोडला! वेताळ आला!" मी तणतणत आत गेले. टेबलावर कागदाच्या लगद्याचे डोंगर, दऱ्या आणि एक गड. भोवती चांगली पोराबाळांची, मिशाळ माणसे. आणि टेबलाच्या टोकाला आमच्याच शाळेचे चित्रकलेचे मास्तर. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "या बाई. तुम्ही पुलाच्या मध्यावर उभ्या आहात. दोर तुटतोय. काय करता?"

"आधी त्या वेताळाला गप्प बसायला सांगते," मी फणकाऱ्याने म्हणाले.

"जरूर सांगा. पण कसं?" मास्तरांनी अगदी गंभीरपणे विचारले.

झाले! मी खुर्ची ओढून बसले ती बसलेच.

या खेळाला मास्तर 'मोहीम' म्हणत. तो त्यांनीच रचलेला. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, त्याची माहिती एका कागदावर लिहिलेली असे. मी दरोडेखोर होते. मळवलीचे नथूभाऊ, भातशेती सांभाळून मुंबईकरांच्या बंगल्याची राखण करणारे, ते झाले राजवैद्य. राक्षसाने गडावर कोंडलेली राजकन्या सोडवायची, एवढेच काम. वाट मास्तर सांगत, काय करायचे ते आम्ही सांगत असू, आणि ते साधले की फसले याचा निवाडा पुन्हा मास्तरांचा. अशा खेळात नियम किती लिहिणार? कोण कधी काय करील याचा नेम नाही. म्हणून सारा खेळ निवाड्यावर उभा, आणि मास्तरांचा निवाडा त्या एका शब्दावर. "नाही" असे ते कोणालाच म्हणत नसत. "कसं?" एवढेच विचारत. उत्तर पटले की ते जमले. अर्धवट पटले तर सहा कवड्या टाकायच्या. निदान चार उताण्या पडल्या तर साधले, नाही तर फसले.

नथूभाऊंना अक्षरओळख नव्हती. कोणीतरी कुजबुजले की यांना सोंगाचा कागद वाचून कोण दाखवणार? पुढच्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांचेच कागद बदलले. अक्षर एक नाही, नुसती चित्रे! माझ्या कागदावर कोयता, मशाल आणि नाकावर राग असलेली बाई. नथूभाऊंच्या कागदावर खलबत्ता आणि झाडपाला. "हे लय बेस झालं," नथूभाऊ म्हणाले, "आता आमी बी शिकल्याली मान्सं." भाताच्या लावणीत ते येऊ शकत नसत. आम्ही म्हणालो, वैद्यबुवांना सोडून पुढे जाऊ. मास्तरांनी निवाडा दिला: वैद्य रानात मुळ्या शोधायला गेले आहेत, ते येईपर्यंत गडाचा दरवाजा दिसणारच नाही. आणि आम्ही निमूट थांबलो. माणसाला असे जपणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही.

आता मुद्द्यावर येते. या गौरवग्रंथाच्या समितीचे आणि आपल्या वाचनालयाचे अध्यक्ष एकच आहेत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, मीही तसेच म्हणते. त्यांनी मला निरोप धाडला की बाईंनी मास्तरांच्या चित्रांवर लिहावे, विद्यार्थ्यांवर लिहावे, आणि खेळाचा उल्लेख करायचाच तर 'कालांतराने तो बंद पडला' असा करावा. बंद पडला म्हणे! घड्याळ बंद पडते. हा खेळ बंद पाडला. कोणी, ते सांगते. छापायचे नसेल तर समितीने माझा लेख खुशाल परत करावा.

वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब तेव्हाही होते, आणि तेही खेळत. सोंग अर्थातच सेनापतीचे. त्या रविवारी आम्ही गडाच्या दरवाजाशी पोचलो होतो आणि राक्षस आडवा उभा होता. भाऊसाहेब म्हणाले, "मी त्याला मारतो."

"कसं?"

"कसं म्हणजे? मी सेनापती आहे!"

"ते राक्षसाला ठाऊक नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "तलवार घेऊन समोरून जाताय ना? मग टाका कवड्या. चुकलात तर जिवावर बेतेल, हे आधीच सांगतो."

भाऊसाहेबांनी तावातावाने कवड्या भिरकावल्या. तीन उताण्या, दोन पालथ्या. सहावी टुणकन उडाली आणि डुबकन त्यांच्याच चहाच्या कपात पडली. "ही धरायची नाही, पुन्हा टाकतो," ते म्हणाले. नथूभाऊंना राहवेना. "असं कसं भाऊसाहेब? माजी कवडी खुर्चीखाली गेलती, तवा तितं जाऊन मोजली का न्हाई?" ते खरेच होते. तेव्हा पडली तशी मोजायची, असा निवाडा झालेला होता आणि त्याला भाऊसाहेबांनीच मान डोलावली होती.

मास्तरांनी क्षणभर विचार केला. चमचा घातला तर कवडी उलटेल, कोणी दुसऱ्याने कप धरला तर संशय येईल. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हीच चहा अलगद बशीत ओता." त्यांनी ओतला. आम्ही सगळे कपावर वाकलो. कवडी पालथी होती.

"ओतताना उलटली!"

"तुमच्याच हातानं ओतलात, भाऊसाहेब. सेनापती पडले."

पुढच्या रविवारी खोलीला कुलूप! बाहेर पाटी, 'दुरुस्तीसाठी बंद'. त्याच आठवड्यात शाळेच्या मंडळाकडे तक्रार गेली की सबनीस मास्तर कवड्यांवर जुगार खेळवतात आणि भुताखेतांचे खूळ माजवतात. अहो, जुगार! मास्तरांना मंडळापुढे उभे केले. "पैज कशाची असते?" असे विचारले, तर ते म्हणाले, "राजकन्येच्या सुटकेची." कोणी हसले नाही. नोकरी जाता जाता वाचली. तक्रार करणारे स्वतःच त्या टेबलाशी बसत होते, एवढे एक वाक्य मास्तर बोलले असते तर सगळे तिथेच मिटले असते. ते बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच कडाडले, "का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "बाई, भाऊसाहेब खेळात रागावले. तो राग मी बाहेर घेऊन गेलो तर उद्या कोण मनमोकळं खेळेल?" मला त्या दिवशी मास्तरांचाही संताप आला होता, आणि खरे सांगायचे तर तो अजून पुरता गेलेला नाही. काय म्हणावे अशा माणसाला!

पुढे खेळ चालला तो मळवलीला, नथूभाऊंच्या राखणीतल्या बंगल्याच्या व्हरांड्यात. मालकांनी खुशीने परवानगी दिली होती, मात्र ते स्वतः आले की आमची सुट्टी. मास्तर लगद्याचे डोंगर पिशवीत भरून गाडीने जात, स्टेशनवरून चालत बंगला गाठत, पावसात भिजलेला गड चुलीशी शेकून उभा करत. आता त्यांचे गुडघे गेले. मळवली त्यांना झेपत नाही. गेला पावसाळाभर एकही रविवार खेळ झालेला नाही, आणि राजकन्या अजून गडावरच आहे. मास्तर घराच्या ओट्यावर बसून असतात. तिथून वाचनालय हाकेच्या अंतरावर आहे. त्या खोलीची दुरुस्ती आजवर झालेली नाही. आत मोडक्या खुर्च्या आहेत.

समिती त्यांना शाल देणार आहे, श्रीफळ देणार आहे, चांदीचे तबकही देणार आहे म्हणतात. द्या, जरूर द्या. पण मास्तरांच्या ओंजळीत खरोखर काही घालायचे असेल तर त्या खोलीची किल्ली घाला. तेवढे होत नसेल तर मानपत्रात 'ऋण' हा शब्द लिहू नका, वाचताना आम्हांला लाज वाटेल.

परवा मी मास्तरांना मुद्दाम विचारले, साठीनिमित्त तुम्हांला काय हवे? मला वाटले, आता तरी म्हणतील खोली हवी. मास्तर कोरा कागद पुढे ओढून पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "भाऊसाहेबांना विचारून या, नवं सोंग कोणतं घेणार? चित्र काढून ठेवतो. त्यांच्यावाचून खेळ सुरू करणं बरं दिसत नाही."

अशी माणसे आपल्या गावात आहेत, आणि आपण त्यांना कुलपाबाहेर ठेवतो!

मास्तर, तुम्हांला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, नजर अशीच धारदार राहो, आणि आमच्यासारख्या भांडकुदळांचे निवाडे करायला तुम्ही शंभरी गाठा. समारंभानंतरच्या रविवारी दुपारी नथूभाऊ आणि मी तुम्हांला हाताला धरून त्या दाराशी आणणार आहोत. कुलूप कोणी काढायचे, ते भाऊसाहेबांनी ठरवावे.