जाडीचे आठ ठोके

आमच्या वाल्देकार्दोसमध्ये कोण गेलं ते घंटेवरून कळतं. बाई गेली की दोन ठोके, पुरुष गेला की तीन. आणि गावचा काउंट गेला तर मोठ्या घंटेवर, तिला आम्ही जाडी म्हणतो, तो कितवा काउंट तितके ठोके. पाचव्याला पाच, सहाव्याला सहा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. आता विजेचा हातोडा बसलाय, पण तो फक्त प्रार्थनेच्या वेळा वाजवतो. मेलेल्या माणसासाठी यंत्र वाजवायचं नाही, असं माझा मामा युतिमिओ म्हणायचा, आणि त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मामा मेंढ्या राखायचा. लग्न केलं नाही. दिवसाला दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. माझ्या बारमध्ये कोपऱ्यात बसून एक ग्लास वाइन घ्यायचा आणि मी बडबडले की मान हलवायचा.

सातवा काउंट गेला तेव्हा मामा बावीस वर्षांचा होता. काउंटची थोरली मुलगी कासिल्दा त्याच्याच वयाची. बापाचं प्रेत घरात असताना ती चर्चच्या घंटेच्या बुरुजाच्या शहाण्णव पायऱ्या चढून वर आली. म्हणाली, "मला मोजायचेत." मामाने दोर ओढला, तिने सात मोजले. मग डोळे पुसत म्हणाली, "पुढचे आठ माझे असते रे, युतिमिओ. मी मुलगा असते तर."

काउंटचा किताब गेला धाकट्या भावाला, आल्बारोला. शिक्क्याचा कागद आला, आठवा काउंट झाला, मोठं घर विकून स्वारी माद्रिदला. कासिल्दाबाई इथेच राहिली, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. गावातल्या मुलींना तिने शिवण शिकवलं. मलाही शिकवलं, उसवायला लावून लावून रडवलं मेलीने! म्हाताऱ्यांची पत्रं लिहून दिली, कोंबड्या पाळल्या. दर रविवारी मामासाठी सहा अंडी माझ्या बारवर ठेवून जायची, आणि मामा ती घरी नेताना असा चालायचा, जणू हातात तान्हं मूल आहे.

पुढे कायदा बदलला. थोरली मुलगी असली तरी किताब तिचाच. मी धावत तिला सांगायला गेले.

"आधी दिलेले किताब काढून घेत नाहीत गं, बेनिता," ती म्हणाली. "आणि मिळाला असता तरी काय? कोंबड्यांनी मुजरा केला असता?"

हसली खरी, पण त्या दिवशी तिची शिवण वाकडी गेली. मी पाहिलं.

ती फेब्रुवारीत गेली, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. फादर सातुरिओ थेट बारमध्ये आले. मामा कोट चढवत होता.

"युतिमिओ, दोन ठोके," फादर म्हणाले.

"आठ."

"वेड लागलंय का तुला? आठवा काउंट माद्रिदला धडधाकट आहे! जिवंत माणसाचे ठोके वाजवणार? बुरुजाची किल्ली काढून घेईन."

"घ्या. खाली उतरल्यावर."

मी आडवी गेले. "मामा, अरे, तिने कधी मागितलं तरी का हे?"

"नाही मागितलं," मामा म्हणाला. "म्हणून तर." आणि गेला.

आठ वाजले. बाया हात पुसत बाहेर आल्या. "काउंट गेला! काउंट गेला!" आमच्या न्हाव्याला कुठे धीर? त्याने माद्रिदला सांत्वनाचा फोन लावला, आणि उचलला कुणी, तर खुद्द काउंटने.

दुसऱ्या दिवशी बहिणीला पोचवायला तो आला. हातात काठी, तोंड लालबुंद. दफन होईपर्यंत थांबला, मग सगळ्यांसमोर कडाडला, "मला जिवंतपणी मारणारा कोण तो?"

मामाने टोपी काढली. "मी. पण ते तुमचे नव्हते, साहेब. तिचे होते."

मला वाटलं, आता काठी बसते मामाच्या डोक्यात.

"बरं," काउंट म्हणाला. "मग माझ्या वेळी काय वाजवशील?"

"नऊ."

काउंट त्या ओल्या मातीकडे वळला. मग मटकन कठड्यावर बसला. "लहानपणी मला घंटेची फार भीती वाटायची," तो म्हणाला. "घंटा वाजली की कासिल्दा माझे कान झाकायची. स्वतःचे कधीच नाही." खिशात रुमाल सापडेना, तेव्हा मामाने आपला दिला, मेंढ्यांचा वास येणारा. काउंटने त्यातच नाक शिंकरलं. "नऊच वाजव," म्हणाला.

फादरांनी किल्ली मागितली नाही. चार वर्षांनी मामा गेला. तीन ठोके मीच दिले, हाताला फोड आले, आणि ते बरे होईपर्यंत मी रोज रडले. मामाच्या पेटीत कागदात गुंडाळलेलं, भोक पाडून रिकामं केलेलं एक अंडं सापडलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ते मी त्याच्याबरोबरच शवपेटीत ठेवलं.

गेल्या ऑक्टोबरात काउंट गेला. माद्रिदच्या पेपरात मोठ्या अक्षरांत छापून आलं, वाल्देकार्दोसचा आठवा काउंट. मी बार बंद केला आणि गुडघ्यांना शिव्या घालत शहाण्णव पायऱ्या चढले. खाली सगळं गाव माना वर करून मोजत होतं. आठवा ठोका दिला आणि थांबले, कासिल्दाबाईसाठी.

मग तिच्या धाकट्या भावाचा दिला.