नुसती नोंद

कान तपासण्याच्या त्या दवाखान्यात चार कॉम्प्युटर होते आणि त्यांची देखभाल करणारा एक गृहस्थ. त्याला सगळे पहारेकरी म्हणत, कौतुकाने कमी आणि वैतागून जास्त. साधी फाइल हलवायची तरी याची परवानगी लागे, वर व्याख्यान फुकट.

व्याख्यानाचा लाडका विषय म्हणजे तपासणीचा प्रोग्रॅम. तो बनला होता वेगळ्याच कॉम्प्युटर-प्रणालीसाठी. इथे मधल्या एका दुभाष्या सॉफ्टवेअरच्या मदतीने चालायचा. "हा दुभाष्या भोळा आहे," पहारेकरी सांगायचा. "पाहुणा आला की अख्खं घर उघडून दाखवतो." म्हणून त्याने नियम लिहिले होते. प्रोग्रॅमने आजच्या तपासण्यांच्या फोल्डरमध्ये लिहावं, पेशंटांच्या ऐकण्याचे जुने आलेख नुसते वाचावेत, बाकी कशाला हात लावू नये. नियम थेट प्रणालीच्या गाभ्यात बसवलेले. अगदी डॉक्टरीणबाईंनी प्रोग्रॅम उघडला तरी त्यांनाही सूट नाही. याचा त्याला कोण अभिमान!

सात महिन्यांपूर्वी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि नियमांना अडखळून बंद पडू लागली. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून एक आजोबा बसलेले, बाहेर दहाजण ताटकळलेले. पहारेकऱ्याने नियम 'नुसती नोंद' वर टाकले, म्हणजे अडवायचं काही नाही, फक्त लिहून ठेवायचं. "संध्याकाळी नीट करतो," तो म्हणाला.

संध्याकाळी तो विसरला असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो विसरला नव्हता. प्रोग्रॅम सुरळीत चालत होता, कुणी कुरकुरत नव्हतं, लोक पहिल्यांदाच त्याच्याशी हसून बोलत होते. त्याला ते गोड लागलं. व्याख्यानं मात्र चालूच राहिली.

आणि गेल्या सोमवारी तपासणी करणाऱ्या ताईंनी एका पेशंटचे जुने रिपोर्ट पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅममध्ये उघडले. त्यांत व्हायरस लपलाय हे त्यांना कसं कळावं? दुपारपर्यंत अकरा वर्षांचे आलेख निरर्थक अक्षरांचा कचरा झाले. जोडून ठेवलेली दुसरी प्रतही गेली. तान्ही असल्यापासून येणाऱ्या मुलांचं ऐकणं दरवर्षी किती कमी होतंय, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"पेनड्राइव्ह कुणी लावला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ताईंनी हात वर केला.

"आणि तुमचे ते नियम?"

"होते ना," पहारेकरी म्हणाला.

ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच खोट्याहून नीच होतं. खोलीत येऊन त्याने नोंदवही उघडली. पडद्यावर ओळीमागून ओळी: जुन्या आलेखावर लिहिलं, नियमाने अडवलं असतं. दुसऱ्या प्रतीवर लिहिलं, अडवलं असतं. हजारो ओळी, आणि त्यांतली पहिली त्याच सकाळी दहा बेचाळीसची. त्याला स्वतःची किळस आली. तरी तो मूग गिळून बसला. सगळं खापर ताईंच्या डोक्यावर फुटताना दोन दिवस नुसता बघत राहिला.

बुधवारी ताई त्याच्या खोलीत आल्या. हातात राजीनामा होता.

"दादा, मॅडमना द्यायच्या आधी तुमच्याकडे आले. तुम्ही डोळ्यांत तेल घालून सगळं राखलंत आणि माझ्या हातून घाण झाली. माफ करा."

त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने सोमवारच्या नोंदीचं पहिलं पान छापलं, म्हणाला, "चला," आणि त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहिला. सात महिन्यांचं सगळं सांगितलं, लोकांचं हसून बोलणंसुद्धा. सांगताना नजर टेबलाच्या कडेवरून हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पान दोनदा वाचलं. ताईंचा राजीनामा न वाचता त्यांच्याकडे परत सरकवला आणि त्याला म्हणाल्या, "तुमच्याशी उद्या बोलते."

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारीच. दुपारी दोनला."

ताई राजीनाम्याची घडी घालता घालता थांबल्या.

"दादा, तीन वाजता मी जिन्यात रडत बसले होते. मला पाणी तुम्हीच आणून दिलंत."